पॅराशूट पुन्हा पुन्हा हिसका देऊन उघडतंय? पॅकिंगची पद्धत बदलण्याआधी हे तपासा

मानेला जबरदस्त हिसका बसतो, मांड्यांवर पट्ट्यांचे वळ उठतात आणि वर पाहावं तर छत्री केव्हाच उघडून उभी असते. एखाद्या उडीला असं झालं तर छत्री तपासून, नीट पॅक करून पुढे जाता येतं. पण तीच रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच), तोच पॅकर आणि दर काही उड्यांनी तोच हिसका, असं चाललं असेल तर कारण शोधायलाच हवं. या तक्रारीवर मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: पॅकिंगची पद्धत बदला. प्रो पॅक करणाऱ्याला फ्लॅट पॅक सुचवतात, फ्लॅट करणाऱ्याला प्रो, आणि दोन्ही करून दमलेल्याला सायको किंवा रोल पॅक.

मला हा सल्ला पटत नाही. पद्धत बदलली की घड्या, स्लायडरची (उघडण्याचा वेग आवरणाऱ्या कापडी चौकोनाची) जागा, नोज (छत्रीची पुढची कड), बॅगेत भरण्याची तऱ्हा असं सगळं एकदम बदलतं. हिसका थांबलाच, तर तो कशाने थांबला हे कळत नाही, आणि खरं कारण लाइनमध्ये (छत्रीच्या दोऱ्यांमध्ये) किंवा त्या अडकवायच्या रबर बँडमध्ये असेल तर थोड्या दिवसांनी तो परत येतो. आधी कारण, मग बदल.

पुढचं सगळं मुख्य पॅराशूटबद्दल आहे, आणि ज्यांनी पॅकिंग प्रशिक्षकासमोर बसून शिकलंय त्यांच्यासाठी आहे. राखीव पॅराशूटला हात लावायचा नाही, ते परवानाधारक रिगरचं (पॅराशूट तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचं) काम. जोराचा हिसका बसल्यावर छत्री तशीच पुन्हा पॅक करू नका. शिवणी, लाइन जिथे कापडाला जोडलेल्या असतात त्या जागा, आतल्या फासळ्यांचं कापड, स्लायडरच्या कड्या, रायझर (अंगावरच्या पट्ट्यांपासून लाइनपर्यंत जाणारे पट्टे) आणि लिंक (रायझरला लाइन जोडणाऱ्या कड्या) हे सगळं उजेडात पाहायचं. फाटलेली फासळी बाहेरून दिसत नाही. नोजच्या तोंडातून आत डोकावून प्रत्येक सेल (हवेने फुगणारा कप्पा) बघावा लागतो. मान दुखत असेल तर उड्या थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

हिसका नेमका कधी बसतो?

पायलट शूट (ओढ देणारं छोटं पॅराशूट) वाऱ्यात टाकलं की ते ब्रायडल (त्याला बॅगेशी जोडणारी पट्टी) ताणतं, पाठीवरचा कंटेनर बंद ठेवणारी पिन निघते आणि घडी घातलेली छत्री असलेली बॅग पाठीवरून उचलली जाते. रबर बँडमध्ये अडकवलेल्या लाइन एकेक करून सुटत जातात. सगळ्या लाइन ताणल्या गेल्या की मगच बॅगेचं तोंड उघडून छत्री बाहेर यायला हवी. इथे पहिला धक्का असतो, तो लहान असावा. त्यानंतर छत्री गुंडाळीसारखी डोक्यावर लटकते. खालून येणारी हवा स्लायडरला वर दाबून धरते आणि स्लायडर लाइनच्या चारही गटांना जवळ आवळून ठेवतो. नोजमधून सेल भरू लागले, कापड पसरण्याचा जोर वाढला, की तो जोर स्लायडरला खाली ढकलतो. दोन्ही जोरांची ही रस्सीखेच दोनेक सेकंद चालली की उघडणं मऊ होतं.

डॉमिना जाल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास हवेने फुगणाऱ्या सेलची छत्री तयार केली, तेव्हा तिची मोठी अडचण हीच होती: ती फार वेगाने उघडायची. बरेच उपाय करून पाहिल्यावर स्लायडर नावाचा हा कापडी चौकोन टिकला. म्हणून हिसक्याची तक्रार आली की पहिला संशय स्लायडरवर घ्यावा.

कॅमेरा लावलेल्या सहकाऱ्याला सोबत घेऊन उघडण्याचं चित्रण करा आणि ते संथ गतीने पाहा. आठवणीवर भिस्त ठेवू नका. हिसका बसलेल्या माणसाला सगळं एकदमच घडल्यासारखं वाटतं. चित्रणात दोनपैकी एक गोष्ट दिसेल. एक तर छत्री मध्ये जराही न थांबता, लाइन ताणल्या जाताक्षणी किंवा त्याच्याही आधी पसरलेली दिसेल. नाहीतर ती क्षणभर गुंडाळीसारखी लटकेल आणि मग स्लायडर सपकन खाली येईल. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला प्रकार: लाइन ताणण्याआधीच छत्री बाहेर

छत्री न थांबता उघडत असेल तर रबर बँड आणि बॅग बघा. लाइनचे वेढे सैल असले की बॅग उचलली जाताना ते एकेक न सुटता ढिगाने बाहेर पडतात. यालाच लाइन डंप म्हणतात. लाइन सैल असतानाच छत्री बॅगेतून निसटते आणि फुगायला लागते, स्लायडर जागेवरून हललेला असतो, आणि मग लाइन ताणल्या जातात त्या जवळपास उघडलेल्या छत्रीच्या ओढीने. सगळ्यात वाईट हिसके हेच.

बॅगेचं तोंड बंद ठेवणारे वेढे सगळ्यात घट्ट हवेत. साधारण साडेतीन ते साडेपाच किलोच्या ओढीला वेढा सुटावा, असा अंदाज धरला जातो. सामान मोजायचा स्प्रिंगचा छोटा काटा लावला तर हे घरबसल्या तपासता येतं. एकदा मोजून पाहाच, कारण हाताला घट्ट वाटणारं रबर बरेचदा तेवढं घट्ट नसतं. रबराबाहेर राहणारा लाइनचा फासा साधारण सहा-सात सेंटिमीटर असावा. लहान फासा लवकर निसटतो. फार लांब फासे एकमेकांत गुंतू शकतात. बारीक मायक्रोलाइन असेल तर साध्या आकाराचा रबर बँड एका वेढ्यात सैलच बसतो. लहान आकाराचे रबर घ्या किंवा दोन वेढे मारा. जाड डॅक्रॉनच्या लाइनला एक वेढा बहुधा पुरतो. शेवटचा वेढा आणि रायझर यांच्या मध्ये साधारण अर्धा मीटर लाइन मोकळी सोडतात, म्हणजे बॅग कंटेनरमधून निघताना तिला एका बाजूने ओढ बसत नाही. नेमके आकडे मात्र तुमच्या छत्रीच्या आणि कंटेनरच्या माहितीपुस्तिकेतले पाळायचे.

रबर तुटेपर्यंत वापरण्याची सवय फार दिसते. भेगा पडलेलं, ताण गेलेलं रबर तुटलेल्यापेक्षा वाईट, कारण ते जागेवर दिसतं आणि काम करत नाही. वेढे न वापरता लाइन कप्प्यात ठेवायची बॅग असेल तरी तोंड बंद ठेवणाऱ्या जागांना हाच नियम लागू.

बॅग छत्रीच्या मापाची आहे का, हाही प्रश्न विचारा. लोक लहान छत्री घेतात आणि बॅग जुनीच ठेवतात. मग छत्री आत सैल पडते आणि तोंडाच्या फटीतून वेळेआधी निसटते. पायलट शूट गरजेपेक्षा मोठं असेल तर तेही बॅगेला जोरात खेचतं आणि पहिला धक्का वाढवतं. यात घडी कुठली घातली होती याचा संबंध जवळजवळ नसतो. लाइन डंप होणाऱ्या छत्रीला प्रो पॅकवरून सायको पॅकवर नेलं, तरी लाइन डंप होतच राहतो.

दुसरा प्रकार: छत्री थांबते, मग स्लायडर सपकन खाली येतो

इथे पॅकिंगचा खरा संबंध येतो, म्हणून इथे सावकाश पाहू.

स्लायडरच्या चारही कड्या पॅकिंगच्या शेवटपर्यंत स्लायडर स्टॉपला (छत्रीच्या खालच्या कडेवर स्लायडर अडवणाऱ्या तुकड्यांना) टेकलेल्या हव्यात. पॅकिंगच्या सुरुवातीला त्या सगळ्यांच्याच टेकलेल्या असतात, म्हणून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. गडबड पुढे होते. प्रो पॅकमध्ये छत्री खांद्यावरून जमिनीवर निजवताना लाइन क्षणभर सैल पडतात आणि कड्या बोटभर, कधी वीतभर खाली सरकतात. तेवढं अंतर खाली आलेला स्लायडर सुरुवातीपासूनच हरलेला असतो. उपाय साधा आहे. छत्री निजवताना एक हात कड्यांच्या खाली लाइनच्या जुडग्यावर घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने कापड सांभाळायचं. जमिनीवर ठेवल्यावर, हवा काढण्याआधी, हात आत घालून चारही कड्या चाचपून बघायच्या. बॅगेत भरण्याआधी पुन्हा एकदा. माझ्याकडे हिसक्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच करायला लावतो, आणि बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

कड्या जागेवर असूनही स्लायडरचं कापड लाइनच्या मध्ये चुरगळून पडलं असेल तर त्याला हवा मिळत नाही. ते चार गटांच्या मधून बाहेर काढून चार पाकळ्यांसारखं पसरवायचं, याला क्वार्टर करणं म्हणतात. पुढची बाजू नोजच्या दिशेने जरा बाहेर ओढून ठेवली तर पहिली हवा स्लायडरला मिळते. गुंडाळता येणारा स्लायडर असेल तर उतरल्यावर आवळलेली त्याची दोरी पॅक करताना सोडलीच पाहिजे. आवळलेला स्लायडर हवा धरत नाही आणि छत्री बेसुमार वेगाने उघडते. पायलट शूटची किल लाइन (ते उघडल्यावर मिटवणारी आतली दोरी) ताणून ते कॉक करणं (पुन्हा फुगायला तयार करणं) आणि स्लायडरची दोरी सोडणं, ही दोन्ही कामं घड्या सुरू करण्याआधी एका दमात करायची सवय लावा.

नोजबद्दल मतभेद आहेत. सेलची तोंडं उघडी ठेवली की हवा लवकर शिरते. ती मध्याकडे गुंडाळली किंवा लाइनच्या दिशेने आत दाबली की उघडणं सावकाश होतं. काही उत्पादक गुंडाळायला सांगतात, काही नोज मोकळं सोडायला सांगतात. ज्याची छत्री त्याचं ऐकावं. माझं लक्ष गुंडाळण्यापेक्षा सारखेपणावर असतं. डावीकडे तीन वळसे आणि उजवीकडे पाच असं झालं तर एक बाजू आधी फुगते आणि छत्री वळून उघडते. नोज फार खोल कोंबलं तर एका उडीला फार सावकाश आणि दुसरीला एकदम असा लहरी परिणामही दिसतो.

टेलबद्दलचा (छत्रीच्या मागच्या कडेबद्दलचा) समज मात्र दुरुस्त करायला हवा. टेल जितकी जास्त वेळा गुंडाळाल तितकं उघडणं मऊ, असं पुष्कळजण मानतात. टेलचा वेढा मुख्यतः सगळं जुडगं बॅगेत जाईपर्यंत एकत्र धरून ठेवतो. तो नीटनेटका हवा, पण त्याने स्लायडरची चूक भरून निघत नाही.

पद्धती आणि त्यांचे स्वभाव

प्रो पॅकमध्ये छत्री खांद्यावरून लोंबत असते, म्हणून ती उघडताना असते त्याच रचनेत राहते: लाइन मधोमध, कापड बाहेरच्या बाजूंना, नोज पुढे, टेल मागे. पुढून मागे ओळीने येणाऱ्या लाइनच्या ए, बी, सी, डी गटांमधलं कापड एकेक करून बाहेर ओढायचं आणि डी व ब्रेक लाइन (मागच्या कडेला जोडलेल्या, वळण्यासाठी ओढायच्या लाइन) यांच्या मधलंही विसरायचं नाही. डावी-उजवी बाजू सारखी आहे हे उभ्यानेच दिसतं, हा तिचा मोठा गुण. दोष म्हणजे छत्री निजवताना होणारी ती घसरण, आणि नव्या, निसरड्या, हवा न झिरपणाऱ्या कापडाशी करावी लागणारी झटापट. नवी छत्री हाताबाहेर जात असेल तर तिच्यावर पोटाने आडवं होऊन टेलकडून नोजकडे हवा काढावी, घाई करू नये.

फ्लॅट पॅकमध्ये छत्री जमिनीवर एका कुशीवर पसरून घड्या घालतात. छत्री मोठी आणि पॅकर उंचीने लहान असेल, किंवा खांदा दुखत असेल तर हे सोयीचं. लाइनचा प्रत्येक गट डोळ्यांसमोर राहतो, त्यामुळे शिकणाऱ्याला समजायलाही सोपं. पण कुशीवर निजलेल्या छत्रीत खालच्या बाजूच्या दोन कड्या दिसत नाहीत आणि त्याच मागे राहतात. फ्लॅट पॅक करूनही हिसके बसत असतील तर आधी त्या दोन कड्यांना हात लावून पाहा.

सायको पॅकची सुरुवात प्रो पॅकसारखीच असते. फरक येतो तो छत्री जमिनीवर ठेवल्यानंतरच्या घड्यांमध्ये. निसरडं कापड त्यात चांगलं आवरतं, म्हणून काहींना तीच आवडते. रोल पॅकही जमिनीवरच होतो. दोन्ही पद्धती चालतात, फक्त तुमच्या छत्रीच्या उत्पादकाला त्या मान्य आहेत ना हे पाहून आणि कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून. चारही पद्धतींत निकाल त्याच चार गोष्टींवर ठरतो: लाइन मधोमध आणि ताणलेल्या, स्लायडर स्टॉपला टेकलेला, नोज दोन्हीकडे सारखं, ब्रेक नीट लावलेले. या चार गोष्टी पाळणाऱ्याचा फ्लॅट पॅक, न पाळणाऱ्याच्या प्रो पॅकपेक्षा मऊ उघडतो.

पॅकिंग निर्दोष, तरी हिसका?

मग लाइन मोजा. स्पेक्ट्राची मायक्रोलाइन बारीक आणि मजबूत असते, पण उष्णतेने आक्रसते. स्लायडरच्या कड्या प्रत्येक उघडण्यात लाइनवरून घासत खाली येतात, त्या घर्षणाने लाइन तापते. बाहेरच्या लाइन आणि ब्रेक लाइन सगळ्यात जास्त घासल्या जातात, म्हणून त्याच सगळ्यात आधी आखूड होतात. मधल्या तशाच राहतात. शेकडो उड्यांनंतर हा फरक काही इंचांवर जातो, छत्रीचा मूळ आकारच बिघडतो आणि तिचं उघडणं लहरी होतं, कधी हिसक्याने, कधी वळून. व्हेक्ट्रान आणि एचएमए या दुसऱ्या प्रकारच्या लाइन आक्रसत नाहीत, पण त्यांची झीज वेगळी असते आणि बदलायची वेळ आली हे सहज लक्षात येत नाही. उत्पादकाच्या तक्त्याशी लाइनची लांबी ताडून पाहणं हे रिगरचं तासाभराचं काम आहे. 'ही छत्री आधी छान उघडायची, हल्लीच असं करते' अशी तक्रार असेल तर मी घड्यांवर वेळ घालवण्याआधी हे करून घ्यायला सांगेन. स्लायडरच्या कड्यांच्या आतल्या कडेवरून बोटही फिरवा. खरवडलेली कडी लाइन कापत जाते.

वेगाचा वाटाही मोठा असतो. पोटावर पडताना वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो. डोकं खाली करून उडणाऱ्यांचा तो पुष्कळ जास्त. दूर सरकण्यासाठी ट्रॅक करून (आडवं झेपावून) लगेच, त्याच झोकात पायलट शूट टाकलं तर छत्रीला अपेक्षेपेक्षा जास्त हवेचा मारा बसतो. आजूबाजूला पाहून, शरीर पुन्हा सपाट करून, वेग उतरू देऊन मगच टाकायचं. त्यासाठी लागणारी उंची उडीच्या आखणीतच धरून ठेवायची, कारण मऊ उघडणाऱ्या छत्रीला पूर्ण उघडायला दोनशे-तीनशे मीटर सहज लागतात.

वळून उघडणारी छत्री

हिसक्याच्या जोडीने ही तक्रार हमखास येते. इथे एकच प्रश्न बरंच काही सांगून जातो: छत्री दर वेळी एकाच बाजूला वळते का?

एकाच बाजूला वळत असेल तर काहीतरी कायमचं असमान आहे. डाव्या-उजव्या ब्रेक लाइनची लांबी, ब्रेक अडकवण्याचे फासे, रायझर, हार्नेसच्या पायांच्या पट्ट्या. एक पट्टी सैल असली की कंबर तिरकी होते आणि छत्री तिकडे वळते. पायलट शूट टाकताना उजवा खांदा खाली झुकवण्याची किंवा वर बघण्यासाठी अंग मुरडण्याची सवयही अशीच एका बाजूला ओढते. कधी उजवीकडे, कधी डावीकडे असं होत असेल तर पॅकिंगमधला कमीजास्तपणा शोधा: एका बाजूचे वेढे घट्ट आणि दुसरीकडचे सैल, असमान गुंडाळलेलं नोज, बॅगेत तिरकी बसलेली छत्री. असमान वेढ्यांमुळे बॅग वर जाताना झोकांड्या खाते, कधी गिरकी घेते, आणि लाइनना पीळ पडतो.

ब्रेक लाइनमध्ये आधीच पीळ असेल तर उघडताना तिथे गाठ अडकू शकते. उतरल्यावर टॉगल (ब्रेक लाइनची हँडल) सोडून लाइन लोंबू द्या, पीळ आपोआप निघतो. पॅकिंग सुरू करतानाच हे करा. हवेत लाइनला पीळ पडला आणि ठरलेल्या उंचीपर्यंत तो सुटला नाही, किंवा छत्री फिरत खाली जाऊ लागली, तर प्रशिक्षणात शिकवलेली आपत्कालीन कृती करायची. त्या वेळी कारण शोधत बसायचं नाही.

कारण पक्कं कसं करायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्या बदलावर निदान पाचसहा उड्या होऊ द्या. एका मऊ उघडण्यावर हुरळून जाऊ नका, तसंच एका हिसक्यावर बदल फेटाळूही नका. प्रत्येक उडीनंतर लॉगबुकात लिहा: पॅक कुणी केलं, कोणत्या पद्धतीने, रबर कधी बदललं, टाकताना वेग आणि अंग कसं होतं, हिसका किती, वळण कुठे. महिन्याभरात ओळी बोलायला लागतात.

संशय माणसावर आहे की पॅकिंगवर, हे ठरत नसेल तर अदलाबदल करा. तुमची रिग दुसऱ्या जाणत्या पॅकरने पॅक करावी आणि उडी तुम्ही मारावी. हिसका गेला तर दोष पॅकिंगमध्ये. राहिला तर वेग, शरीराची ठेवण, लाइन किंवा सामान. मग त्याच छत्रीवर तुमच्याच वजनाच्या आणि त्या आकाराच्या छत्रीचा अनुभव असलेल्या माणसाने, रिगरने तपासून दिल्यावर, उडी मारून पाहावी. त्यालाही तेच झालं तर छत्री सरळ रिगरकडे. मोठा स्लायडर बसवणं, पायलट शूट बदलणं, ब्रेकची जागा हलवणं हे उपाय खरे आहेत, पण ते त्याने आणि उत्पादकाने ठरवायचे. जाताना छत्रीसोबत ते चित्रण आणि लॉगबुकातली पानंही घेऊन जा. 'कधीकधी जोरात उघडते' एवढ्यावर त्याला काही शोधता येत नाही.